रक्ताची साक्ष

आपल्या मराठी भाषेने रक्ताला फार मोठा अधिकार देऊन ठेवला आहे. खरे नाते कोणते, तर रक्ताचे. मुलगा दिलदार निघाला की ते त्याच्या रक्तातच होते. आणि उनाड निघाला तरी तो रक्ताचाच गुण, फक्त त्या वेळी ते रक्त आईच्या माहेरचे असते! कष्ट केले की रक्ताचे पाणी होते, अन्याय पाहिला की रक्त उसळते, तारुण्यात ते नुसते सळसळते. माणूस तोंडाने काहीही बोलो, रक्त खोटे बोलणार नाही, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे.

ही जुनी समजूत आता प्रयोगशाळेत जाऊन बसली आहे. सकाळी उपाशीपोटी जायचे, बाही वर करायची, नजर दुसरीकडे वळवायची, आणि संध्याकाळी कागद हाती घ्यायचा. त्या कागदाचा घरात केवढा दरारा! सून महिनाभर ‘थकवा वाटतो’ म्हणत असते, तेव्हा कोणी फारसे मनावर घेत नाही. पण कागदावर हिमोग्लोबिन ८ असे छापून आले की सासूबाई स्वतः उठून म्हणतात, ‘बस हो तू, भांडी मी बघते.’ थकवा तोच, सूनही तीच. मध्ये फक्त एक आकडा आला आहे. तिच्या शब्दाला जे जमले नाही, ते तिच्या रक्ताने करून दाखवले.

गेली काही वर्षे ह्या आकड्याविषयी एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. दुखणाइताच्या शब्दापेक्षा त्याच्या रक्तावर आपला अधिक विश्वास का? आणि ज्या दुखण्याला रक्तात अजून आकडाच सापडलेला नाही, त्या दुखणाइताने काय करावे? फराळाच्या ताटाबरोबर असा विषय वाचकांपुढे ठेवताना थोडा संकोच वाटतो खरा. परंतु दिवाळीत घरे माणसांनी भरून जातात, आणि नेमक्या त्याच दिवसांत काही घरांतील एक खोली बंद ठेवलेली असते, हेही तितकेच खरे आहे.

माझ्या एका स्नेह्यांच्या घरी अशी एक खोली होती. मुलगा एकोणीस वर्षांचा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. गणपतीत ढोल वाजवणारा, हसरा, थोडा खादाड. एका पावसाळ्यात तो हळूहळू मिटत गेला. आधी कॉलेज सुटले, मग आंघोळ सुटली, मग जेवणाचे ताट खोलीच्या दाराशी तसेच राहू लागले. जिन्यात उभी राहून माणसे आपल्याविषयी बोलतात, असे तो आईला कुजबुजत सांगे. जिन्यात कोणी नसे. रीतीप्रमाणे सारे उपाय झाले. कुलदैवताला अभिषेक झाला, कोणा जाणत्याकडचा अंगारा आला, मामांनी ‘लग्न करून टाका, आपोआप ताळ्यावर येईल’ हा आपल्याकडचा सर्वरोगहर उपाय सुचवला. शेवटी मनोविकारांच्या डॉक्टरांकडे जाणे झाले. डॉक्टर मुलाशी तासभर बोलले, औषध लिहून दिले, आणि दुसरे काही कारण नाही ना हे पाहण्यासाठी रक्त तपासून घ्यायला सांगितले.

अहवाल हाती आले त्या संध्याकाळी स्नेही माझ्याकडे आले आणि कागद त्यांनी टेबलावर आपटला. ‘सगळे नॉर्मल आहे!’ मुलाचे अहवाल चांगले आले म्हणून संतापलेला बाप मी प्रथमच पाहत होतो. ‘तुम्हीच सांगा, कावीळ झाली तर रक्तात दिसते, हिवताप झाला तर दिसतो. ह्याच्या रक्तात काहीच नाही. मग ह्याला झाले आहे तरी काय? का हा सगळा आळस आणि नाटक?’ थोडा वेळ ते गप्प बसले. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, ‘काहीतरी निघायला हवे होते हो.’

त्यांच्या त्या शेवटच्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. कोणत्याही बापाला मुलाच्या रक्तात दोष नको असतो. त्यांना आजार हवा नव्हता. त्यांना मुलाचा निर्दोषपणा हवा होता, आणि त्याच्या आडून थोडा स्वतःचाही. दोष रक्तात असता तर मुलगा आळशी ठरला नसता, आणि बापाचे संस्कारही कमी पडले नसते. रक्ताने एक साक्ष दिली असती तर सगळे घर आरोपातून सुटले असते.

अशी साक्ष कधी मिळेल का? शास्त्रज्ञ तिच्या शोधात आहेत, आणि ह्या शोधाच्या मुळाशी असलेली हकीकत मोठी सुरस आहे. १९३८ साली मुसोलिनीच्या इटलीत ज्यू लोकांविरुद्ध कायदे झाले आणि तूरिन शहरातील रीता लेव्ही-मोंताल्चिनी नावाच्या तरुण डॉक्टर बाईंना विद्यापीठाची दारे बंद झाली. बाईंनी आपल्या निजायच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून त्यांची शस्त्रे केली, कोंबडीची अंडी आणली, आणि बाहेर महायुद्ध पेटलेले असताना त्या अंड्यांतील गर्भाचे मज्जातंतू कसे वाढतात आणि कसे मरतात, हे सूक्ष्मदर्शकातून पाहत बसल्या. १९४७ साली त्या अमेरिकेत सेंट लुईसला गेल्या. तेथे पुढे त्यांना दिसले की उंदरांच्या एका जातीच्या गाठीतून असे काही द्रव्य पाझरते, की त्याच्या नुसत्या सान्निध्याने मज्जातंतूंना चहूबाजूंनी धुमारे फुटतात. ते द्रव्य एक प्रथिन निघाले. नर्व्ह ग्रोथ फॅक्टर असे त्याचे नाव; आपण त्याला मज्जातंतूंचे पोषक म्हणू. ह्या कामासाठी १९८६ साली रीताबाई आणि त्यांचे सहकारी स्टॅन्ली कोहेन ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बाई १०३ वर्षे जगल्या आणि २०१२ साली वारल्या.

१९८२ साली जर्मनीत ईव्ह-अलँ बार्द आणि हान्स थोनेन ह्यांच्या प्रयोगशाळेत ह्याच कुळातील दुसरे प्रथिन डुकराच्या मेंदूतून वेगळे काढण्यात आले. दीड किलो मेंदूतून हाती लागले ते १ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहालाखावा भाग! हेच ते आज जगभर मोजले जाणारे बी.डी.एन.एफ. मेंदूतील कोणत्या पेशीने जगावे, कोणती फांदी कोणत्या फांदीला जोडली जावी, कोणता सांधा वापरून वापरून बळकट व्हावा, ह्या कामांत अशा प्रथिनांचा मोठा हात असतो. मूल वाढते तेव्हा ही कामे जोरात चालतातच. पण मोठेपणी आपण नवीन काही शिकतो, लक्षात ठेवतो, तेव्हाही ती थांबलेली नसतात.

आता चित्तभ्रमाचा, ज्याला डॉक्टर सायकोसिस म्हणतात त्याचा, पहिला झटका बहुधा पौगंडावस्थेच्या अखेरीस किंवा ऐन विशीत येतो. कानी आवाज येतात, लोक आपल्यावर टपले आहेत अशी खात्री वाटू लागते, विचारांचा धागा तुटतो. आणि नेमक्या ह्याच वयात मेंदूची शेवटची बांधणी चालू असते. तेव्हा ह्या बांधणीच्या सामानात काही कमी पडते आहे का, अशी शंका येणे साहजिक होते. देशोदेशी नुकत्याच आजारी पडलेल्या रुग्णांचे रक्त तपासण्यात आले, आणि अनेक अभ्यासांत बी.डी.एन.एफ. निरोग्यांपेक्षा सरासरीने कमी आढळले. आमच्या पुण्यातही हे काम झाले आहे. अजून औषध सुरू न झालेल्या रुग्णांच्या रक्तात आणि पाठीतल्या पाण्यात मज्जातंतूंचे पोषक कमी असल्याचे तेथील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केले.

एवढे वाचून एखादा बाप आशेने उठून बसेल. परंतु ‘सरासरी’ हा शब्द मोठा फसवा आहे. दोन वर्गांतील मुलांच्या उंचीची सरासरी वेगळी असू शकते; म्हणून एका मुलाची उंची मोजून तो कोणत्या वर्गातला हे काही सांगता येत नाही. कित्येक रुग्णांचे रक्त निरोग्यांसारखे असते आणि कित्येक निरोग्यांचे रुग्णांसारखे. शिवाय हेच प्रथिन नैराश्यातही कमी झालेले आढळते. त्यात आणखी एक गुंता असा, की रक्तातील बी.डी.एन.एफ.चा मोठा साठा प्लेटलेट नावाच्या कणांत असतो आणि रक्त गोठले की ते कण तो साठा सोडतात. त्यामुळे गोठलेल्या रक्तातून काढलेल्या पाण्यात ते कितीतरी पट अधिक भरते, आणि न गोठू दिलेल्या रक्तात पुष्कळ कमी. नळी किती वेळ ठेवली, कशी ठेवली, ह्यानेही आकडा हलतो. हा आकडा संशोधकाला उपयोगी आहे, पुढे कदाचित वैद्यालाही होईल. पण ह्या मुलाला चित्तभ्रम झाला आहे किंवा नाही हे एकट्याच्या बळावर सांगेल अशी रक्ताची परीक्षा आज नाही. यंत्रांनी भरलेल्या ह्या काळातही मनाचा डॉक्टर मुख्यतः आपले कान वापरतो.

रक्ताला मनाविषयी बोलते करण्याचा हा काही पहिला प्रयत्न नव्हे. पूर्वीच्या एका प्रयत्नाची गोष्ट प्रत्येक घराने ऐकण्यासारखी आहे. १९५७ साली ऑकरफेल्ट नावाच्या स्वीडिश संशोधकाने असे प्रसिद्ध केले, की मनोरुग्णांच्या रक्ताच्या पाण्यात एक विशिष्ट रसायन घातले असता त्याला निरोग्यांच्या रक्तापेक्षा लवकर रंग चढतो. मोठी आशा निर्माण झाली. वेडाचा रंग सापडला, असेच पुष्कळांना वाटले. मग इतरांनी बारकाईने तपासले, तेव्हा त्या रंगाचा संबंध रक्तातील ‘क’ जीवनसत्त्वाशी निघाला. ज्यांच्या पोटात हे जीवनसत्त्व कमी जात होते, त्यांचे रक्त लवकर रंगत होते. आणि वर्षानुवर्षे रुग्णालयांत राहिलेल्या माणसांच्या आहारात ते कमीच असे. ते जीवनसत्त्व भरून काढले की फरक नाहीसा होई.

म्हणजे रक्त खोटे बोलले नव्हते. त्याने साक्ष अगदी खरी दिली होती. फक्त ती रुग्णाच्या मनाविषयी नव्हती, त्याला वाढल्या जाणाऱ्या ताटाविषयी होती. आपण विचारत होतो, ‘ह्या माणसात काय बिघडले आहे?’ आणि रक्त सांगत होते, ‘ह्याला कोणी संत्रे दिलेले नाही.’

बरे, एकदा तरी रक्ताने मनाविषयी खरी साक्ष दिली आहे का? दिली आहे, आणि तिची कथा आणखी विचार करायला लावणारी आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील वेड्यांच्या इस्पितळांत पक्षाघात आणि बुद्धिभ्रंश एकत्र झालेल्या रोग्यांची मोठी गर्दी असे. चांगली कर्तीसवरती माणसे एकाएकी बढाया मारू लागत, पैसा उधळत, आणि काही वर्षांत लुळी होऊन मरत. १९०६ साली वासरमान ह्यांनी उपदंशाची रक्तपरीक्षा काढली आणि अशा रोग्यांचे रक्त बोलू लागले. १९१३ साली नोगुची आणि मूर ह्यांनी त्यांच्या मेंदूत प्रत्यक्ष उपदंशाचे जंतू दाखवून दिले. वेड म्हणून ज्याला कोंडत होते, ते जंतूंचे दुखणे ठरले.

आमच्या स्नेह्यांच्या हिशेबाप्रमाणे ह्या रोग्यांची आता निर्दोष सुटका व्हायला हवी होती. झाले उलटेच. काल ज्याला लोक ‘बिचारा वेडा’ म्हणत होते, त्याला आज ‘ह्याने काय दिवे लावले ते रक्तात दिसते आहे’ असे म्हणू लागले. अमेरिकेत १९३५ साली कनेटिकट राज्याने लग्नापूर्वी रक्त तपासणे सक्तीचे केले, आणि पाठोपाठ इतर राज्यांनीही तसे कायदे केले. पुढे पेनिसिलिनने तो आजारच आटोक्यात आणला आणि कालांतराने हे कायदे मागे पडले. रक्तपरीक्षेने उपचाराची वाट उघडली, हे तिचे थोर काम. परंतु दया काही तिला निर्माण करता आली नाही. ते काम नळीतल्या रसायनाचे नव्हतेच.

म्हणून मला वाटते, ‘रक्तात काहीतरी निघायला हवे होते’ ह्या इच्छेत एक मोठा धोका दडलेला आहे. समजा, निघाले. समजा, उद्या एखाद्या प्रयोगशाळेने छातीठोकपणे सांगितले, की ह्या मुलाच्या रक्तातील अमुक प्रथिन कमी आहे, म्हणून त्याला हा आजार झाला. पहिल्या दिवशी बाप सुटकेचा निःश्वास टाकील. दुसऱ्या दिवशी मुलाची आत्या विचारील, ‘मग हे रक्त आले कोणाकडून?’ तिसऱ्या दिवशी त्याच्या बहिणीला सांगून आलेले स्थळ काहीतरी निमित्त काढून परत जाईल. रक्ताविषयीची आपली जुनी भाषा काही मेलेली नाही. ती ह्या कागदाची वाटच पाहत बसली आहे. ‘त्याच्या रक्तात दिसते’ आणि ‘त्यांच्या रक्तातच आहे’ ह्या दोन वाक्यांत व्याकरणाचा फरक थोडा, पण त्या थोड्याशा फटीत एका मुलीचा संसार जाऊ शकतो. मुलाला निर्दोष ठरवण्यासाठी बोलावलेला साक्षीदार सगळ्या कुळाविरुद्ध उलटायला वेळ लागत नाही.

कायद्यालाही ह्या प्रश्नाशी झगडावे लागले आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कारणांत मानसिक विकार आहे, आणि त्याच्या स्पष्टीकरणात स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे छिन्नमनस्कतेचे, नाव घेऊन उल्लेख आहे. त्याच यादीत पूर्वी कुष्ठरोगही होता. २०१९ साली तो काढून टाकण्यात आला. पण १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात सांगितले, की आजाराचे नुसते नाव पुरेसे नाही; तो किती तीव्र आहे, त्या माणसाबरोबर राहणे खरोखर अशक्य आहे का, हे पाहिले पाहिजे. मला हा विचार मोलाचा वाटतो. नाव आणि आकडा ह्यांच्यापलीकडे जाऊन माणूस पाहावा लागतो, हे न्यायाधीशालाही मान्य करावे लागले. आपण तर नातेवाईक!

ह्यावर कोणी म्हणेल, ‘मग काय, हे संशोधन बंद करायचे?’ मुळीच नाही. चित्तभ्रमावर उपचार सुरू व्हायला जितका उशीर होतो, तितका रुग्ण सावरायला कठीण जातो, हे आता अनेक देशांतील अनुभवाने दिसून आले आहे. सगळेच पहिले झटके छिन्नमनस्कतेत जात नाहीत. काही माणसे एकदाच भरकटतात आणि परत येतात. कोणाला कोणते औषध मानवेल, कोणाला अधिक जपावे लागेल, हे एखादा रक्ताचा थेंब पुढेमागे सांगू शकला, तर त्याचे स्वागत सर्वांत आधी मी करीन. अंगारा आणि मामांचा सल्ला ह्यांत जे महिने जातात, ते तरी वाचतील. ज्ञानाने माणसाचे वाईट होते, असे मानणाऱ्यांतला मी नव्हे.

माझे म्हणणे वेगळे आहे. रक्ताकडून उपचार मागावा. क्षमा मागू नये. औषध कोणते, मात्रा किती, हे प्रश्न प्रयोगशाळेला विचारण्यासारखे आहेत. ‘हा खरोखर दुःखात आहे का? ह्याच्याशी मी मायेने वागू का?’ हे प्रश्न तिला विचारणे म्हणजे आपल्या दाराशी आलेल्या माणसाला ‘आधी तलाठ्याचा दाखला आण, मग पाणी देतो’ म्हणण्यासारखे आहे. रात्रभर न झोपलेला, भेदरलेला, ताटातल्या घासालाही भिणारा मुलगा समोर बसलेला असतो. त्याच्या दुःखाचा आणखी कोणता पुरावा हवा? जिन्यात माणसे नसतील. पण त्याची भीती तर खरी आहे ना? ज्या आवाजांनी तो दचकतो ते आवाज आपल्याला ऐकू येत नाहीत, एवढ्यावरून त्याचे दचकणे खोटे ठरत नाही.

आणि ज्या प्रथिनाकडे एवढ्या आशेने पाहिले जाते, त्याची साक्ष नीट ऐकली तर ती कोणाविषयी आहे? बी.डी.एन.एफ. म्हणजे जन्मतः कपाळी लिहिलेला आकडा नव्हे. त्याचे माप माणसाच्या जगण्याबरोबर वरखाली होते. २०११ साली अमेरिकेत १२० वयस्क माणसांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांतील अर्ध्यांनी वर्षभर नेमाने चालण्याचा व्यायाम केला, तेव्हा त्यांच्या मेंदूतील स्मरणाशी संबंधित भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढला. आणि जेथे ही वाढ अधिक, तेथे रक्तातील बी.डी.एन.एफ.ही अधिक वाढलेले दिसले. त्याच वर्षी लंडनमधील संशोधकांनी चित्तभ्रमाच्या पहिल्या झटक्यातील रुग्ण तपासले. ज्यांच्या वाट्याला लहानपणी आघात आले होते, त्यांच्या रक्तपेशींत हे प्रथिन घडवण्याची आज्ञाच मंदावलेली आढळली.

ह्याचा अर्थ आईबापांनी मुलाला आजारी केले, असा कोणी घेऊ नये. तसे म्हणणारे पंडित पूर्वी होऊन गेले. त्यांनी कित्येक निष्पाप आयांना आयुष्यभर रडवले. अतिशय प्रेमळ घरांतही हा आजार येतो, आणि लहानपणी पुष्कळ सोसलेल्या बहुसंख्य माणसांना तो होत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की रक्तात जे लिहिले जाते त्यात जन्माबरोबर आलेले असते तसे नंतर भोगलेलेही असते: चाललेली वाट आणि बसलेला धाक. त्या जुन्या इस्पितळातील रुग्णांच्या रक्ताने जशी स्वयंपाकघराची बातमी दिली, तशीच आजचे रक्तही काही अंशी आपल्या घराची, शाळेची, रस्त्याची बातमी देत असणार. आपण न्यायाधीशाच्या आसनावर बसून साक्षीदाराला बोलावतो, आणि तो बोलता बोलता आपल्याच वागण्याविषयी सांगू लागतो.

आमच्या मराठी मुलखात ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही मनोरुग्णालयांची चार गावे. पैकी ठाणे आणि येरवडा ही नावे थट्टेत अशी सहज येतात, की आपण काय बोलतो हे आपल्या ध्यानातही राहत नाही. ‘ह्याला येरवड्याला पाठवा’ असे हसत हसत म्हणताना पंक्तीत बसलेल्या एखाद्या बाईचा घास तेथेच अडकलेला असू शकतो. अलीकडे पुष्कळ बदलले आहे, हेही सांगितले पाहिजे. २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ह्यांचा ‘देवराई’ हा चित्रपट आला, आणि छिन्नमनस्क भावाला सांभाळणारी बहीण मराठी घरांनी पडद्यावर पाहिली. अशा रुग्णांच्या नातेवाइकांचे गट आता ठिकठिकाणी भरतात. तेथे कोणी कोणाचा अहवाल मागत नाही, प्रत्येक जण दुसऱ्याचे ऐकतो. जगात दर तीनशे-साडेतीनशे माणसांमागे एक माणूस छिन्नमनस्कतेने आजारी असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत, लग्नाला जमणाऱ्या गर्दीत, एक तरी असा असणारच. आपल्याला तो दिसत नाही, ह्याचे कारण बहुधा तो लग्नाला आणलेलाच नसतो.

माझ्या स्नेह्यांच्या मुलाविषयी सांगायचे, तर त्याला औषध लागू पडले. पूर्ण बरा झाला असे म्हणता येणार नाही. अभियांत्रिकी सुटली ती सुटलीच. एका नातलगाच्या छापखान्यात तो अर्धा दिवस काम करतो. थकला की थकलो म्हणून सांगतो, आणि वडील आता त्यावर काही विचारीत नाहीत. हे एकदम झाले नाही. मला त्यांनी एकदा सांगितले, ‘एका रात्री तो म्हणाला, बाबा, तुम्हांला ऐकू येत नाही हे मला ठाऊक आहे, पण मला येते. मी म्हटले, बरे, मी इथे बसतो. आणि दोघे बसून राहिलो.’ रक्तात त्या रात्रीही काही निघालेले नव्हते. बापाने फक्त मुलाची साक्ष ग्राह्य धरली होती.

ह्या दिवसांत आपण एकमेकांना फराळाची बोलावणी करतो. ‘सहकुटुंब या’ असे आग्रहाने सांगतो, आणि यजमान चिवड्याच्या बशा मांडताना येणाऱ्यांची डोकी मोजतो. कोणी एकटेच आले, तर ‘बाकीचे कुठे?’ म्हणून विचारतोही. मात्र काही घरांच्या बाबतीत एका नावाची चौकशी करायची नाही, असा अलिखित संकेत आपण सगळे पाळतो. आणि त्याला सभ्यपणा समजतो. यंदा ती चौकशी करून पाहावी. कदाचित यजमानीणबाई क्षणभर गोंधळतील. कदाचित म्हणतील, ‘आहे घरीच, त्याला गर्दी सोसत नाही.’ मग म्हणावे, ‘बरे, मग उद्या दुपारी मी एकटाच येतो त्याच्याकडे. करंज्या आवडतात ना त्याला?’